वृद्धाश्रमातील निसर्गसान्निध्य : एक वातातपिक विचार

प्रास्ताविक

क्षुधा, तृष्णा, निद्रा आणि मृत्यू यांच्याबरोबर जरेची गणना स्वाभाविक व्याधींमध्ये केली गेली आहे, हे आपणां सर्वांस विदित आहेच. चरकाचार्यांनी साठ वर्षांनंतरचे, तर सुश्रुताचार्यांनी सत्तर वर्षांनंतरचे वय वृद्धत्वाचे मानले. या वयात वाताचे प्राबल्य असते, धातू क्षीण होतात, अग्नी विषम होतो, निद्रा अल्प होते. येथपर्यंत पाठ्यक्रमाने आपणांस शिकविले. परंतु हे वय माणूस कोठे घालवितो, हा प्रश्न आपल्या पाठ्यक्रमात फारसा आला नाही. कारण ते घरी, अंगणात, ओट्यावर आणि नातवंडांत जाते, असे गृहीतच धरले होते.

ते गृहीत आता सर्वत्र लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर गेली होती. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल, अशा वृद्धाश्रमांची तरतूद आहे. शासकीय असोत, धर्मादाय असोत वा पैसे भरून राहण्याचे असोत, अशा वास्तूंमध्ये आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा जाणारे वैद्य आपल्यापैकी पुष्कळ आहेत, आणि तेथे औषधे पुरविणारे औषधालयचालकही आहेत. प्रस्तुत लेख मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वृद्धाश्रमातील व्यक्तीस निसर्ग नुसता दाखवून भागत नाही. त्यातील काही काम तिच्या हाती असणे, हे उपचाराचेच एक अंग आहे. आणि ‘यांना बाहेर जाऊ देऊ नये’ हा सल्ला औषधाइतकाच परिणामकारक असल्यामुळे, तो औषधाप्रमाणेच मात्रा व काल पाहून द्यावयास हवा. हे आम्ही ग्रंथांतून शिकण्यापूर्वी स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणून आरंभी ती चूकच सांगतो.

एक अनुभव

एका जिल्ह्याच्या गावाबाहेरील वृद्धाश्रमात आम्ही काही वर्षे पंधरवड्याने जात असू. तेथे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या. आयुष्य शेतीत गेलेले. अंगकाठी कृश, प्रकृती वातप्रधान. तक्रारी तीन : झोप नाही, मलावष्टंभ आणि गुडघेदुखी. अश्वगंधा, गंधर्वहरीतकी, पादाभ्यंग, रात्री कोमट दूध अशी योजना केली. चार-सहा आठवडे झाले, तरी म्हणण्यासारखा उपशय मिळेना. मात्रा वाढविली, कल्प बदलले, तरीही फरक नाही.

एके दिवशी नाडी पाहताना आम्ही सहज विचारले, “आजी, झोप का बरं येत नाही?” त्या म्हणाल्या, “दिस कवा उगवतो अन् कवा मावळतो, हितं काय कळतच न्हाई बगा. मग झोप कशी येईल, वैद्यबुवा?”

चौकशी केली तेव्हा कळले की, मागील अंगणाचे दार अकरा महिन्यांपासून कुलूपबंद होते. तेथे एक गृहस्थ शेवाळावरून घसरून पडले होते. त्या वेळी व्यवस्थापकांनी आमचा सल्ला मागितला होता आणि आम्ही चिठ्ठी लिहून दिली होती : ‘पडण्याचा संभव, बाहेर सोडू नये.’ ती चिठ्ठी एका रुग्णापुरती होती. परंतु तिच्यावर मुदत नव्हती आणि नावाचा उल्लेख अस्पष्ट होता. व्यवस्थापकांनी ती सर्वांना लागू केली. त्यांचा दोष नव्हता. जबाबदारी त्यांच्यावर होती आणि हातात वैद्याचा कागद होता. म्हणजे आजींना आम्ही एका हाताने निद्राजनन औषध देत होतो आणि दुसऱ्या हाताने त्यांचा दिवस काढून घेतला होता.

आम्ही दुसरी चिठ्ठी लिहिली. फरशीवरील शेवाळ खरवडून काढविले, भिंतीला धरावयाचा दांडा बसविला, मागे पट्टा असलेल्या चपला आणविल्या आणि सकाळी एक तास दार उघडे ठेवण्याचे ठरले. आजींकडे सहा कुंड्या आल्या. त्यांत काय लावावयाचे ते त्यांनीच ठरविले. पहिल्यांदा मेथी, मग गवती चहा. सुमारे तीन आठवड्यांनी रात्रीची झोप पुष्कळशी सुधारली व मलप्रवृत्तीसाठीच्या औषधाची मात्रा निम्म्यावर आली. गुडघेदुखी मात्र होती तशीच राहिली, हेही नमूद केले पाहिजे. दुसऱ्या एका गृहस्थांनी अंगणात येण्यास स्पष्ट नकार दिला. त्यांना खिडकीशी खुर्ची हवी होती, ती दिली.

पुढल्या पावसाळ्यात आजी एकदा घसरल्या. कोपर खरचटले, अस्थिभंग झाला नाही. दार पुन्हा बंद करण्याचा विचार सुरू झाला. आजींचे म्हणणे एवढेच होते की, “पडले ती मी पडले, कुंड्या कशापायी बंद?” त्यावर पावसाळ्यापुरत्या कुंड्या पडवीत हलविल्या, दार बंद केले नाही.

एका व्यक्तीच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु या अनुभवाने आम्हांस पुन्हा ग्रंथांकडे वळविले.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या शारीरस्थानात लोक आणि पुरुष यांचे साम्य विस्ताराने सांगितले आहे. बाह्य सृष्टीत जे भाव आहेत, ते पुरुषातही आहेत. दिनचर्या आणि ऋतुचर्या यांचा सर्व उपदेश या साम्यावर उभा आहे. सूर्य वर आला, ऋतू पालटला, हे ज्यास कळते त्यालाच दिनचर्या व ऋतुचर्या पाळता येते. ज्या खोलीत बाराही महिने नळकांडी दिवा एकसारखा जळतो आणि भोजनाची यादी चैत्रात व मार्गशीर्षात एकच असते, तेथे ऋतुचर्येचा उपदेश कोणत्या आधारावर करावयाचा?

रसायनप्रयोगाचे दोन विधी आपण जाणतो : कुटीप्रावेशिक आणि वातातपिक. पहिल्यात तीन गर्भांच्या, लहान गवाक्षांच्या कुटीत राहून, संशोधनानंतर, परिचारक व साधने सिद्ध ठेवून रसायन सेवन करावयाचे. दुसऱ्यात वारा व ऊन यांत वावरत, नित्य व्यवहार चालू ठेवून. पहिला श्रेष्ठ खरा, पण तो समर्थ, निरोगी, संयमी आणि साधनसंपन्न व्यक्तीसाठी आहे. आजच्या पुष्कळ वृद्धाश्रमांकडे पाहिले म्हणजे वाटते की, तेथे कुटीप्रवेश झाला आहे, रसायन मात्र झालेले नाही. अंगणात बसणे म्हणजेच रसायन, असे शास्त्रात म्हटले आहे, असा आमचा दावा नाही. परंतु सर्वसामान्य माणसासाठी आचार्यांनी जो मार्ग मोकळा ठेवला, त्याच्या नावातच वात आणि आतप आहेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

येथे एक रास्त आक्षेप येईल. वृद्धावस्थेत वात आधीच वाढलेला; मग त्यास वाऱ्यावर बसविणे हे हेतुसेवनच नव्हे काय? शिवाय समोरून येणारा वारा, कडक ऊन, धूळ, दव आणि रूक्ष वारा टाळावा, असा दिनचर्येत स्पष्ट उपदेश आहे. या आक्षेपाचे उत्तर चरकाचार्यांनीच सूत्रस्थानाच्या पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात देऊन ठेवले आहे. शोधनासाठी बांधावयाच्या गृहाचे वर्णन करताना ते निवात असावे, पण त्याच्या एका भागात वारा खेळता असावा, असे सांगितले आहे. त्यात सुखाने फिरता यावे. धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव नसावा. परिचारकांबरोबर गाणारे व कथा सांगणारेही असावेत. आणि जिचे वासरू जिवंत आहे अशी, गवत-पाणी-निवाऱ्याची उत्तम सोय असलेली दुभती गाय तेथे असावी. म्हणजे आडोसा आणि मोकळीक यांपैकी एकाची निवड करावयाची नसून दोन्ही एकाच वास्तूत साधावयाची आहेत. आपल्याकडील जुनी पडवी, ओटा आणि चौकाचे अंगण नेमके हेच साधत असत.

आधुनिक निरीक्षणे

पाश्चात्त्य देशांत या विषयावर झालेल्या कामापैकी काही निरीक्षणे आपल्या उपयोगी आहेत. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एका रुग्णालयातील ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांवर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. ज्या २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

आमच्या विषयास अधिक जवळचा अभ्यास एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा, १९७६ सालचा. अमेरिकेतील एका शुश्रूषागृहाच्या दोन मजल्यांवरील ९१ वृद्धांवर तो झाला. दोन्ही मजल्यांवरील वृद्धांना रोपटी मिळाली. एका मजल्यावर, रोप हवे की नको आणि हवे तर कोणते, हे त्यांनी स्वतः ठरवावयाचे व त्याची निगाही स्वतःच राखावयाची होती. आपले दैनंदिन निर्णय आपण घ्यावेत, असेही त्यांना सांगण्यात आले. दुसऱ्या मजल्यावर रोप हाती दिले आणि पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातील ९३ टक्के व्यक्तींमध्ये एकंदर सुधारणा, तर दुसऱ्या गटातील ७१ टक्के व्यक्तींमध्ये अधिक दुर्बलता नोंदविली गेली. अठरा महिन्यांत पहिल्या गटातील ४७ पैकी ७, तर दुसऱ्यातील ४४ पैकी १३ जण निवर्तले. मृत्युसंख्येच्या या फरकाचे गणित पुढे लेखिकांनीच दुरुस्त केले व तो फरक संख्याशास्त्रदृष्ट्या सीमारेषेवरचा असल्याचे मान्य केले. म्हणून त्यावर फार भार देऊ नये. तसेच रोपाबरोबर निर्णयस्वातंत्र्यही दिलेले असल्याने सर्व श्रेय रोपाला देता येत नाही. परंतु आमचा मुद्दा नेमका तोच आहे. रोप दोन्हीकडे होते. फरक झारी कोणाच्या हातात होती, याचा होता.

नेदरलँड्समधील १२ निवासगृहांतील १८९ वृद्धांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसभर भरपूर प्रकाश ठेवल्याने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतील बुद्धीचा ऱ्हास व विषण्णता काही अंशी कमी आढळली. तो प्रकाश विजेचा, सुमारे एक हजार लक्सचा होता. आपल्या पडवीच्या सावलीत दिवसा याहून कितीतरी अधिक प्रकाश असतो, आणि तो विनामूल्य आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या उद्यानवापरासंबंधीच्या १७ अभ्यासांचा २०१४ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात बागेच्या वापराने अस्वस्थता कमी होते असे दिसले. पण पुराव्याची प्रत बेताची असल्याचेही नमूद केले गेले. आपणही तेवढेच म्हणावे, अधिक नाही.

व्यवहारातील योजना

रुग्णपत्रिकेत आहार, निद्रा, मल, मूत्र यांबरोबर पुढील पाच प्रश्नांची भर घालावी, असे आम्ही सुचवितो. गेल्या आठवड्यात किती दिवस आकाशाखाली बसलात? तुमच्या घराच्या दारी कोणते झाड होते? हाताला कोणत्या कामाची सवय होती? येथे एखादी सजीव गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे काय? आणि बाहेर जाण्यास अडविते कोण : गुडघा, भीती, चप्पल की परवानगी? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा औषधाविना सुटणारे असते.

यानंतर बाह्यसेवनाची योजना औषधाप्रमाणेच लिहून द्यावी.

काल : सकाळचे कोवळे ऊन जैविक घड्याळासाठी व निद्रेसाठी उत्तम. मात्र त्याने ‘ड’ जीवनसत्त्वाची पूर्ती होते, हा समज बरोबर नाही. ते तयार करणारे किरण तिरप्या उन्हात अत्यल्प असतात, काचेतून आत येत नाहीत, आणि वार्धक्यात त्वचेची ती क्षमताही घटते. म्हणून रक्ततपासणी करून आवश्यक तेथे पूरक मात्रा द्यावी. ग्रीष्मात सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर, वर्षा ऋतूत पडवीतच, आणि शरदात प्रदोषकाळच्या चांदण्यात, असा ऋतुभेद करावा. शरदातील चांदण्याचे सेवन ऋतुचर्येतच सांगितलेले आहे.

मात्रा : आरंभी दहा-पंधरा मिनिटे, मग बलानुसार वाढवावे.

अनुपान : काठी, पट्ट्याची चपला, डोक्यावर टोपी किंवा पदर, पाण्याचे भांडे आणि सोबतीला एक माणूस.

कर्म : हा भाग सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येकास त्याच्या सवयीचे, शक्तीचे आणि आवडीचे काम मिळावे. ज्याने आयुष्यभर कारकुनी केली, त्याने रोज पाऊस मोजून वहीत लिहावा. ज्या स्त्रियांनी घरातील सणवार सांभाळले, त्यांनी श्रावणात आघाडा-दूर्वा खुडाव्यात, भाद्रपदात एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधाव्यात, चैत्रात कैरी किसून पन्हे करावे, कार्तिकात तुळशीवृंदावन सारवावे. हे धार्मिक कृत्य म्हणून आम्ही सांगत नाही. ज्याला श्रद्धा नाही त्याने करू नये. परंतु ऋतू ओळखण्याची आपल्या समाजाची ही जुनी भाषा आहे, आणि स्मृती क्षीण झालेल्यांनाही ती पुष्कळदा आठवते.

शय्याग्रस्तांसाठी : परातीत माती घालून मेथी पेरावी. ती तीन-चार दिवसांत उगवते, म्हणजे वाट पाहणे असह्य होत नाही. पहाटे वेचलेली पारिजातकाची फुले वाटीत उशाशी ठेवावीत. खाट खिडकीशी समांतर लावली, तर आकाश दिसते. हा बदल करण्यास एक पैसाही लागत नाही.

बांधकाम : चाकाच्या खुर्चीसाठी चढ बारा फुटांस एक फुटापेक्षा अधिक उभा नसावा, आणि खुर्ची वळविण्यास सुमारे दीड मीटर मोकळी जागा असावी. वाफे सुमारे सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर उंचीचे केले, तर वाकावे लागत नाही.

औषधालयचालकांचे साहाय्य

औषधालयचालकांना हा विषय आपला वाटणार नाही कदाचित; पण तो आहे. एखाद्या वृद्धाश्रमाकडून सारक चूर्णांची आणि झोपेच्या औषधांची मागणी एकाएकी वाढली, तर विक्रीची वही वैद्यापूर्वी ते सांगते. अशा वेळी वैद्यास एक निरोप द्यावा. कदाचित एखादे दार बंद झालेले असेल.

दुसरे असे की, वाळा, नागरमोथा, वेखंड, ओवा, सुंठ यांचे थोडे थोडे नमुने ताटात मांडून वृद्धांना वासावरून ओळखावयास द्यावेत. आम्ही हे करून पाहिले आहे. नाव आठवले नाही, तरी ‘हे बाळाला उगाळून देत होतो’ एवढे पुष्कळांना आठवते आणि बोलणे सुरू होते. हे ओळखण्यासाठी आहे, सेवनासाठी नव्हे, हे परिचारकांस स्पष्ट सांगावे.

सावधानता

अंगणात लावावयास तुळस, गवती चहा, पुदिना, पानओवा, अडुळसा, मोगरा, पारिजातक योग्य. कण्हेर, विशेषतः पिवळी, धोत्रा आणि गुंज कटाक्षाने टाळावीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने बी किंवा पान चघळल्यास प्राणावर बेतते. शोभेसाठी दिवाणखान्यात ठेवला जाणारा डायफेनबेकियाही तोंड व घसा सुजवितो. कोरफड लावण्यास हरकत नाही. परंतु तिचा पिवळा चीक तीव्र रेचक असून, तो वारंवार पोटात गेल्यास शरीरातील पोटॅशियम घटते, आणि डिजॉक्सिन किंवा मूत्रल औषधे चालू असलेल्यास ते घातक ठरू शकते. म्हणून कोणतीही वनस्पती वैद्यास विचारल्याशिवाय तोंडात घालू नये, हा नियम फलकावर लिहावा.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये; पायाची संवेदना गेलेली असेल तर तापलेली फरशी किंवा काटा कळतच नाही. गाजरगवत दिसताच हातमोजे घालून उपटावे. कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचू देऊ नये, अन्यथा डासांची पैदास होते. पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे अंगणात ठेवावे व रोज घासावे. सज्जात कबुतरांना दाणे घालू नयेत, कारण त्यांच्या विष्ठेपासून व पिसांपासून फुप्फुसांचे गंभीर विकार होतात.

समारोप

पडण्याची भीती खरी आहे. वार्धक्यातील अस्थिभंगाचे परिणाम आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु न चालल्याने स्नायू क्षीण होतात, आणि क्षीण झालेला माणूस खाटेपासून न्हाणीघरापर्यंतही पडतो. तेव्हा बंद दार सुरक्षित असते, असे मानण्यास आधार नाही. आमची विनंती एवढीच की, ‘बाहेर सोडू नये’ असे लिहिण्याची वेळ आली, तर त्या चिठ्ठीवर एकाच व्यक्तीचे नाव असावे, कारण असावे आणि मुदत असावी. मुदत संपताच वैद्याने स्वतः जाऊन पुन्हा परीक्षण करावे.

पुढील भेटीच्या वेळी औषधांची पेटी उघडण्यापूर्वी वृद्धाश्रमाच्या मागील दारापर्यंत एकदा जाऊन यावे. त्यास कुलूप असेल, तर त्या दिवसाची चिकित्सा तेथूनच सुरू करावी, असे आम्हांस वाटते.

इत्यलम्।